पाण्यातून कधी निघाली?

एकोणीसचा पाढा मला आजही गाढ झोपेतून उठवून विचारला तरी न अडखळता म्हणता येतो. ते शाळेचं पुण्य नाही. मुळशीच्या तळ्याकाठी एक सरकारी बंगला होता. त्याच्या स्वयंपाकघरात एक गृहस्थ तिसऱ्या शिजवताना खड्या आवाजात पाढे म्हणत, आणि त्या स्वयंपाकघराला लागूनच माझी खोली होती.

तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणाऱ्या शिंपल्या. हेही मला तिथे गेल्यावर कळलं. मी पुण्याच्या पेठेतला, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. कंपाउंडरची परीक्षा दिली आणि तळ्याकाठच्या दवाखान्यात नेमणूक झाली. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा पौडहून यायचे, बाकीचे दिवस मीच. गावाने मला पहिल्याच दिवसापासून ‘डाक्टर’ करून टाकलं. राहायला जागा नव्हती म्हणून बंगल्यामागच्या नोकरांच्या चाळीतली एक खोली मिळाली. शेजारी बंगल्याचे आचारी.

त्यांना सगळे ‘बोटवाले’ म्हणत. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. घरचे लोक वरच्या वाडीत सरकले, हे मुंबईला जाऊन गोदीत शिरले आणि तिथून बोटीच्या भटारखान्यात. वीसबावीस वर्षं आगबोटींवर काढून परत आले, ते आपल्याच तळ्याच्या काठावर साहेबलोकांचा स्वयंपाक करायला. मी पाहिलं तेव्हा पन्नाशी उलटलेली. अंगाने काटक, खाकी अर्धी चड्डी, वर कडक इस्त्रीचा पांढरा एप्रन. दाढी रोज. नखं दर सोमवारी काढायचे, आणि दुसऱ्याची काढायला लावायचे. एका बड्या अधिकाऱ्याचा ड्रायव्हर स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला, तर त्याला आधी हात पुढे करायला सांगितलं होतं. नखं बघून त्याला बाहेरच्या नळावर पाठवलं.

पाढ्यांचं असं होतं की पातेल्याला उकळी फुटून शिंपल्यांनी तोंडं उघडली, की ते अकराच्या पाढ्यापासून सुरुवात करत. अकरा, बारा, तेरा असं करत एकोणीस दाहे एकशे नव्वद झाले, की झाकण काढायचं. इतक्यातही ज्यांनी तोंड उघडलं नाही त्या शिंपल्या चिमट्याने उचलून राखेच्या बादलीत. भिंतीवर चांगलं टोल देणारं घड्याळ होतं. एकदा मी विचारलं, की घड्याळ असताना पाढे कशाला? ते म्हणाले, “घड्याळ बघितलं की मानूस म्हनतो, हाय अजून येळ, आन जातो बाहेर इडी वढाया. पाढ्याला तसं न्हाई. तोंड आन टकुरं दोन्ही तितंच ऱ्हातंय.”

जेवणाच्या हॉलमध्ये पाहुण्यांना ते पाढे ऐकू जात. काहीजण हसत. मुंबईची एक बाई तर मुद्दाम आत येऊन उभी राहिली होती आणि सोळाच्या पाढ्यात त्यांच्याबरोबर आवाज मिळवायला लागली होती. बोटवाले जराही हलले नाहीत. सोळा नव्वे चव्वेचाळासेला ती चुकली तेव्हा मात्र त्यांनी पळी वर करून तिला थांबवलं, बरोबर आकडा सांगितला आणि पुढे गेले.

त्यांच्याकडे सुऱ्या दोन, पाट दोन. एका पाटाला कोपऱ्यात डांबराचा ठिपका, तो कच्च्या मासळीचा. दुसरा कोरा, तो शिजलेल्या पदार्थांचा आणि कांदा-काकडीचा. मासळी धुतलेलं पाणी मोरीत न ओतता लांब खड्ड्यात. मासळी हाताळून झाल्यावर राख आणि साबण असे दोन वेळा हात. बोटाला जरा चीर पडलेली असली तर त्या दिवशी खाडीच्या मालाला हातच लावायचा नाही. मला हे सगळं सोवळ्यासारखं वाटायचं. आमच्या आजीचंही असंच, हे इथे नको, ते तिथे नको. मी तसं बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या आजीचा देव रुसत असेल. माझ्या पाटावरचं चुकलं तर पोट रुसतं, आणि पोटाची समजूत काढता येत नाही.

बोटीवरच्या गोष्टी ते फार सांगत नसत. एवढंच कळलं होतं, की कुठल्याशा गरम मुलखातल्या बंदरात बोटीने शिंपल्यांचा माल घेतला, दोन दिवसांत खालच्या डेकवरचे निम्मे खलाशी आडवे झाले, आणि दोघांना कॅनव्हासमध्ये गुंडाळून समुद्रात सोडावं लागलं. बोटीवरच्या डॉक्टरने मग भटारखान्यातल्या सगळ्यांना ओळीत उभं करून तास घेतला. बाकीचे विसरले, हे विसरले नाहीत. डोळ्यांना न दिसणारे जंतू उन्हात दुपटीने वाढतात, हे त्यांना त्या डॉक्टरने सांगितलं होतं. मला ते परीक्षेच्या पुस्तकातून कळलेलं. पण पुस्तकातलं मी पास होण्यापुरतं वापरलं होतं.

समुद्र तिथून लांब. पण ताम्हिणीच्या घाटाखालून कोकणातली माणसं डोक्यावर पाट्या घेऊन वर येत. सुकट, बोंबील, सोडे हा नेहमीचा सुका माल. थंडीत कधी ओली मासळी, ओल्या गोणत्यात गुंडाळलेल्या तिसऱ्या, कधी खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं. बंगल्याच्या फाटकात पाटी उतरली की बोटवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “पान्यातनं कधी निघाली?” ताजी आहे का, हे ते कधीच विचारत नसत. ताजी नाही असं कोण म्हणणार? पाण्यातून कधी निघाली, कुठे थांबली, किती ऊन खाल्लं, सावलीत होती की मोटारीच्या टपावर, असे प्रश्न एकामागून एक. पाटीवाले वैतागत. मग ते कल्ले उचलून बघत, बोटाने दाबून बघत, तिसऱ्या दोन-दोन घेऊन एकमेकींवर टकटक वाजवत. जिवंत शिंपली टकटकीला तोंड मिटते, मेलेली तशीच आ वासून राहते.

मला वाटे ते नाकावर विश्वास ठेवत असतील. तसं नव्हतं. एकदा म्हणाले, “वास येतो तो मासा भला मानूस. सांगून मारतो. न सांगता मारनारा येगळा, त्याला वास न्हाई, चव न्हाई, काय न्हाई. त्याला फकस्त येळ ठावं.”

तरीही मला बोलावून वास घ्यायला लावत. म्हणत, तुम्हाला खायची हाव नाही, म्हणून तुमचं नाक खरं बोलेल. अशा रीतीने जन्मात मासा न चाखलेला मी मासळीचा पारखी झालो. सुट्टीत घरी गेलो की आई माझा कोट दोरीवर लांब नेऊन टाकायची आणि माझ्याकडे संशयाने बघायची. मी खरं ते सांगितलं, तिचा विश्वास बसला नाही.

बंगल्यात एकदा क्लबात जाणारं एक जोडपं उतरलं होतं. त्यांना कालवं कच्ची हवी होती, वर लिंबू पिळून, तिकडे विलायतेत खातात तशी. बोटवाल्यांनी ती उकडून नेली. साहेब म्हणाला, लिंबाने सगळं मरतं, तुला माहीत नाही. हे अदबीने म्हणाले, की लिंबाने मरत असतं तर आमच्या डाक्टरांनी गोळ्यांच्या जागी लिंबं वाटली असती. साहेब हसला आणि उकडलेली कालवं खाल्ली. पावसाळ्यात तर शिंपल्यांचं नावच काढायचं नाही. खाडी तेव्हा सगळ्या मुलखाची घाण पिते आणि शिंपली खाडी पिते, असा त्यांचा हिशेब.

फाटकाबाहेर मात्र ते बघत नसत. नापसंत पाटी त्यांनी परत पाठवली, की ती कुठे गेली याच्याशी त्यांचा संबंध संपला. त्यांचं स्वयंपाकघर ही त्यांची बोट होती आणि बोटीची जबाबदारी त्यांची. त्यात त्यांचा जरा ताठाही होता. पाटीवाल्यांना ते चारचौघांत झापत. धाकू नावाचा घाटाखालचा एक पाटीवाला होता, चाळिशीचा, बुजरा, बोलताना खाली बघणारा. त्याला तर ‘मढी वाहतोस का रं डोक्यावर’ असं म्हणाल्याचं मी ऐकलं आहे.

वैशाखातली गोष्ट. एका वरिष्ठ साहेबांचा मुक्काम होता, बरोबर मुंबईचे पाहुणे. साहेबांनी आठ दिवस आधी निरोप धाडला होता, पाहुण्यांना तिसऱ्या खिलवायच्या आहेत. धाकूला सांगून ठेवलं होतं. तो भर दुपारी घाट चढून आला. पाटीवरचं गोणतं वाळून कडक झालेलं. बोटवाल्यांनी प्रश्न विचारला. धाकू खाली बघत म्हणाला, आज पहाटे. खाडीपासून इथपर्यंत माल एका सकाळीत येत नाही हे मलाही कळत होतं. बोटवाल्यांनी दोन मुठी उचलल्या, वाजवल्या. निम्म्याहून जास्त तोंड मिटेनात.

“ने हितनं,” ते म्हणाले. “फाटकाबाहेर ने. पुन्यांदा असा माल आनलास तर तुला बी आत घेनार न्हाई.”

साहेबांचा शिरस्तेदार धावत आला. मग स्वतः साहेब स्वयंपाकघराच्या दारात. साहेब मोठ्याने बोलले नाहीत, पण पाहुण्यांदेखत शब्द गेल्याचा राग चेहऱ्यावर होता. जिवंत आहेत तेवढ्या निवडून शिजव म्हणाले. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होतो. बोटवाले हात पुसत म्हणाले, “साहेब, मला आज कामावरनं काढा. पन ह्या पाटीतलं माज्या हातनं शिजायचं न्हाई.”

पाहुण्यांनी त्या दिवशी कोंबडी खाल्ली, आणि मला वाटतं चवीने खाल्ली. साहेब न जेवता उठले. मला बोटवाल्यांचा त्या दुपारी फार अभिमान वाटला. त्यांनाही स्वतःचा वाटत असावा. कारण चहा करताना ते शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वरच्या वाडीतला एक माणूस दवाखान्यात पळत आला. कोंडिबाच्या घरी नातवाचं जावळ होतं आदल्या दिवशी. आता पंधरावीस माणसांना जुलाब आणि ओकाऱ्या, पोटात मुरडा, पायात गोळे. मी पिशवी भरली. बोटवाले विहिरीवर पाणी भरत होते, त्यांनी ऐकलं. हा कोंडिबा त्यांच्याच बुडालेल्या गावचा, दोघं बरोबर गुरं राखलेले. ते घागर तशीच ठेवून माझ्याबरोबर निघाले.

वाडीत गेल्यावर मी नाडी बघायला लागलो आणि बोटवाले चुलीपाशी गेले. त्यांनी प्रत्येकाला एकच विचारलं, की काल काय काय खाल्लंस. जावळाचं मटण सगळ्यांनी खाल्लं होतं. आजारी होती ती मात्र, ज्यांनी वर तिसऱ्या खाल्ल्या ती. धाकू पाटी घेऊन फाटकाबाहेर पडला, ती घाट उतरवून परत नेण्यापेक्षा त्याने वाडीत नेली होती. वाडीला तिसऱ्या म्हणजे वर्षासहा महिन्यांची चैन. जावळाच्या घराने हौसेने घेतल्या.

कोंडिबाची बायको रखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने स्वतः खाल्ल्या नव्हत्या, सगळ्यांना वाढता वाढता उरल्याच नाहीत. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, की उकडल्या होत्या, चांगल्या उकडल्या होत्या. बोटवाल्यांनी विचारलं, उकडून कशात काढल्या?

“पाटीत,” ती म्हणाली. “दुसरं भांडं कुटं रिकामं व्हतं?”

म्हणजे ज्या पाटीतून कच्च्या आल्या, तिच्यातच, त्याच ओल्या घाणीत, शिजलेल्या परत पडल्या. दुपारी उकडल्या, ऊन उतरेपर्यंत मांडवात राहिल्या, दिवेलागणीला खाल्ल्या. बोटवाल्यांनी ती पाटी पेटवून दिली, चूल पेटवली आणि मोठ्या हंड्यात पाणी चढवलं.

त्या दोन दिवसांत मी जे वैद्यक शिकलो ते कुठल्याही परीक्षेत नव्हतं. माझ्याकडे थोड्या सल्फाच्या गोळ्या होत्या, त्या पुरणाऱ्या नव्हत्या. पौडला सायकलवर माणूस धाडला होता, डॉक्टर कुठे तरी फिरतीवर. बोटवाल्यांनी तांदळाची पातळ पेज केली, तिच्यात मीठ टाकलं, आणि चमच्याचमच्याने प्रत्येकाच्या तोंडात घालायला लावली. ओकला तरी थांबायचं नाही, थोडं थांबून पुन्हा. बोटीवर असंच केलं होतं म्हणाले. उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब नाही. सगळ्या वाडीला त्यांनी हात धुवायला लावले. त्या दिवशी ते कुणालाही ओरडले नाहीत, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

दुपारी ते एकदम थांबले आणि म्हणाले, धाकू कुठंय? कुणालाच माहीत नव्हतं. तो गुरांच्या गोठ्यात सापडला, गव्हाणीमागे, पोटाशी पाय घेऊन. त्यानेही खाल्ल्या होत्या. माल चांगला आहे अशीच त्याची समजूत होती. शरमेने त्याने कुणाला हाकही मारली नव्हती. डोळे खोल गेलेले, आवाज फुटत नव्हता. बोटवाल्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेज भरवायला बसले. तेव्हा तो म्हणाला, की मोटार वाटेत बिघडली, माल निजामपूरला एक दिवस अडकला, साहेबांचा माल म्हणून तसाच उचलला. खरं बोललो असतो तर तुम्ही शिव्या दिल्या असत्या.

एकेक करून माणसं सावरली. कोंडिबा सावरला नाही. वय झालं होतं, अंगात पाणीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांची जीप वाडीच्या उताराला लागली तेव्हा तो गेला. बोटवाले त्याच्या पायाशी बसलेले होते. वाडीने त्याला खांदा दिला तेव्हा ते मागे राहिले.

धाकूला त्यांनी आपल्या खोलीत आणलं. तो तिथे बरेच दिवस होता. या दिवसांत स्वयंपाकघरातून मला पाढे ऐकू आले नाहीत. एके संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. मी त्यांची समजूत काढायला गेलो. म्हणालो, तुमचं काय चुकलं? तुम्ही तर माल नाकारलात, साहेबाची मर्जी घालवलीत. तुम्ही आणखी काय करणार होतात?

“डाक्टर, मी त्याला ‘ने हितनं’ म्हनालो,” ते म्हणाले. “‘फेकून दे’ न्हाई म्हनालो. लई फरक हाय त्यात. मला ठावं व्हतं त्या पाटीत काय हाय. मी माजं सैपाकघर राखलं.”

महिनाभराने साहेबांचं पत्र आलं. मुक्कामी पाहुण्यांस मागणीप्रमाणे भोजन न दिल्याबद्दल आणि वरिष्ठांशी उद्धटपणे बोलल्याबद्दल लेखी खुलासा मागवला होता. खुलासा लिहायला ते माझ्याकडे आले. मला मनातून आनंदच झाला. मी पहिलंच वाक्य लिहिलं, की सदर मालापासून वाडीतील इसमांस विषबाधा होऊन एक इसम दगावला आहे, त्यावरून सिद्ध होते की... त्यांनी कागदावर हात ठेवला. ते खोडायला सांगितलं. मी वाद घातला. हे एक वाक्य तुम्हाला सोडवेल, आणि ते खरं आहे, म्हणालो.

“कोंडिबाच्या मरनावर माजी नोकरी टिकवू नका,” ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. माल शिजवण्याजोगा नव्हता म्हणून शिजवला नाही, उलट बोललो त्याची माफी असावी. दोन ओळी. खाली सही. त्यांना कडक ताकीद मिळाली आणि पुढे बड्या साहेबांच्या मुक्कामाला दुसरा आचारी पुण्याहून यायला लागला. त्या दिवसांत बोटवाले स्वतःच्या खोलीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसत, आणि आतून कुणाला काही विचारायचं झालं तर जागेवरूनच उत्तर देत.

त्यांचं खरं वेड सुरू झालं ते यानंतर. ज्या विक्षिप्तपणासाठी पुढे सगळा मुलूख त्यांना ओळखू लागला, तो हा. बाजाराच्या आदल्या दिवशी ते घाटमाथ्यावर जाऊन बसायचे. पाटी वर आली की तिला थांबवायचे. अधिकार काहीच नाही. सरकारने नेमलेलं नाही, गावाने सांगितलेलं नाही. एप्रन घातलेला एक म्हातारा वाटेवर हात जोडून उभा आणि विचारतोय, पाण्यातून कधी निघाली? पण आता झापणं नव्हतं. पाटीवाल्याला आधी सावलीत बसवायचे, पाणी द्यायचे. बरोबर धाकू असायचा. खरं बोललास तर कुणी काही म्हणणार नाही, हे धाकू आपल्या घाटाखालच्या बोलीत समजावून सांगायचा, आणि त्याच्या तोंडून ते पटायचं. वाईट माल निघाला तर तिथेच खड्डा खणून, चुना टाकून पुरायचा. पुरताना बोटवाले स्वतः फावडं मारत. आणि ज्याचा माल गेला त्याला दुपारी जेवू घातल्याशिवाय घाट उतरू देत नसत.

पहिल्या वर्षी लोकांनी टर उडवली. एका पाटीवालीने त्यांच्या अंगावर मासळीचं पाणी ओतलं. त्यांनी एप्रन धुतला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. हळूहळू पाटीवाल्याच निघायच्या आधी गोणतं दोनदा भिजवायला लागल्या, सावली धरून चालायला लागल्या, आणि मेलेल्या शिंपल्या खालीच निवडून टाकू लागल्या. वाड्यावाड्यांतून त्यांनी बायकांना एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की मुली ती खेळात म्हणायच्या: कच्च्याची पाटी कच्च्याला, शिजल्याचं भांडं निराळं. मी दवाखान्याच्या भिंतीवर खात्याचं छापील पत्रक लावलं होतं. ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

एका घरी मात्र ते कधीच जात नसत. कोंडिबाच्या. वाडीतल्या इतर घरी चुलीपर्यंत जायचे, पण ते घर आलं की वाट वाकडी करून, करवंदीच्या जाळीतून पलीकडे निघायचे. रखमाबाईने कधी बोल लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या वाडीत त्यानंतर कुणी तिसऱ्या शिजवल्याही नव्हत्या.

चारेक वर्षं गेली. माझी बदली झाली, हुकूम आला. सामानाची बांधाबांध चालली होती तेव्हा रखमाबाई बंगल्याच्या मागच्या दाराशी आली. मी तिला तिथे पहिल्यांदाच बघत होतो. बोटवाले कांदा चिरत होते. तिला बघून सुरी खाली ठेवून उभे राहिले.

धाकट्या नातवाचं जावळ होतं. तिने दिवस सांगितला आणि म्हणाली, मटण आमचं आम्ही करू, तुम्ही येऊन तिसऱ्या करायच्या.

बोटवाले नाही म्हणाले. दुसरं काहीही सांगा, म्हणाले.

“भावजी,” ती म्हणाली, “वाडीनं भ्या घेतलंय. पोरींना वाटतंय, आमच्या घरानं ईख घातलं. ते मला पुसायचंय. तुमी न्हाई आला तर मी माज्या हातानं करीन.”

धाकू त्यासाठी खाली गेला आणि ओहोटीच्या वेळी स्वतः खाडीत उतरला. माघातली थंडी होती. ओलं गोणतं वर घालून रातोरात निघाला आणि सकाळी वाडीत पोचला. बोटवाल्यांनी आपलं पातेलं, आपला पाट आणि आपल्या दोन परड्या डोक्यावरून नेल्या होत्या. एकेक तिसरी वाजवून बघितली. मी पाणी उकळत घालायला मदत केली. शिंपल्यांनी तोंडं उघडली तशी त्यांनी पाढे सुरू केले. पंधराच्या पाढ्याला ते अडले. बाहेरच्या बायकांमधून कुणीतरी पुढचा आकडा सांगितला.

पंगत बसली. पानांवर गरम तिसऱ्यांचं कालवण वाढलं गेलं. कुणी हात घालेना. पोरं आयांकडे बघत होती, आया एकमेकींकडे. बोटवाले मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, एप्रनवर हळदीचा डाग पडलेला, तो त्यांना दिसलाही नव्हता. रखमाबाई सगळ्यांना वाढत होती. तिने वाढायचं भांडं सुनेच्या हातात दिलं, पंगतीत जागा करून घेतली आणि पान पुढे ओढलं. भाकरी मोडली, कालवणात बुडवली, एक शिंपली उघडून मांस काढलं आणि खाल्लं. सावकाश चावलं. सगळी पंगत तिच्या तोंडाकडे बघत होती.

मग तिने मान वर केली.

“भावजी, मीठ जरा कमी पडलंय.”

पंगतीत कुणीतरी हसलं आणि हात पानांकडे गेले. बोटवाले मीठ आणायला आत वळले. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. शेवटी धाकूनेच मीठ आणून वाढलं.